पेशंटची स्वतःची सही

सातपूर, नाशिक
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

कुसाबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. चौदा वर्षांत एक शब्द पाठवला नाही आणि आता पत्र, म्हणजे सिंधूचं काहीतरी काम अडलं असणार, असं म्हणशील. अडलंच आहे. पण आधी वाच, मग शिव्या घाल.

फोन केला असता. पण चार वाक्यं बोलले की मला धाप लागते. आणि दोन खोल्यांचं घर, मी इकडं हॅलो म्हटलं की तिकडं सुनेचा मिक्सर बंद होतो. हर्षाली म्हणजे संतोषची बायको. पोरगी गुणाची आहे, पण कान फार तिखट. म्हणून दुपारी ती नातवाला शाळेतून आणायला गेली की लिहायला बसते. तुझा घोटीचा पत्ता तुझ्या भाचीकडून घेतला.

मला बरं नाही. दिवाळीनंतर उजव्या कुशीत दुखायला लागलं, मग जिना चढता येईना. फोटो काढला तर छातीत पाणी. टीबी म्हणाले. सहा महिने गोळ्या गिळल्या, लघवी केशरी झाली, जेवणाची चव गेली, पण पाणी काही हटेना. दोनदा सुई घालून काढलं, दोन्ही वेळा लिटर-लिटर. मग मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घालून तुकडा काढला. तेव्हापासून आमच्या घरात नाटक चालू आहे.

नाटक असं, की मला "पाण्याचा आजार" आहे. डॉक्टरांच्या खोलीत संतोष आणि आमचे हे जातात, मला बाहेर बाकड्यावर बसवतात. (ह्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, तुला माहीत आहे. पण कागदाला काय कळतंय, भिमाजी लिहिते.) बाहेर येताना संतोष दारातच तोंड बदलतो. "काय म्हणाले रे?" विचारलं की म्हणतो, "काही नाही आई, अशक्तपणा हाय, अंडी खा." अंडी खाऊन खाऊन मला आता कोंबडी समोर आली तरी तोंड फिरवावं वाटतं.

पण फाईल माझ्याच मांडीवर असते ना. इंग्रजी कागद मला कळत नाहीत, म्हणून ते बिनधास्त असतात. गेल्या आठवड्यात त्या कागदांत एक मराठी पुस्तिका निघाली. अठरा पानं. वर लिहिलेलं, "सहभागी होऊ इच्छिणाऱ्या रुग्णांसाठी माहिती." सातवी पास बाई मी, दोन दुपारी लागल्या, पण अठराच्या अठरा वाचली. फुप्फुसाच्या बाहेर जो पापुद्रा असतो, त्याचा कॅन्सर. मेसोथेलिओमा. आणि दुसऱ्या पानावर, कशाने होतो ते. ॲसबेस्टॉस.

तो शब्द आपल्या नवऱ्यांच्या पत्र्याच्या कंपनीत पोत्यांवर छापलेला असायचा. ती पोती आपण फाडून धुऊन घरी आणायचो आणि त्यावर कुरडया वाळत घालायचो.

मी पुस्तिका परत होती तिथं ठेवली आणि भाकरी थापायला घेतल्या. अजून कुणाला बोलले नाही. तूच पहिली.

आता काम. तुझे मालक गेले त्याआधी हिरामणभाऊंना त्यांच्या आजाराचं नाव सांगितलं होतंस का? आणि सांगितलं असेल तर त्यांनी काय केलं? एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

सिंधू


सोमवार, १९ ऑगस्ट

कुसाबाई,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी लिहिते, कारण दुसरं कुणी नाही.

आज राखी. निफाडहून माझा भाऊ गोरक्ष आला होता. दरवर्षी ओवाळून घेतो आणि बागेला पाणी धरायचंय म्हणून अर्ध्या तासात पळतो. आज चार तास बसला. द्राक्षाच्या छाटणीपासून दुधाच्या भावापर्यंत सगळं सांगितलं, माझ्याकडं मात्र एकदाही बघितलं नाही. मोरीत हात धुवायला गेला तो पाच मिनिटं नळ चालू. त्यालाही सांगितलंय. म्हणजे निफाडपर्यंत सगळ्यांना माहीत, फक्त जिला झालंय तिला नाही. मला असा राग येतो कुसा, वाटतं ताट भिरकावून द्यावं. पण ताटात पुरणपोळी होती.

आता खरं अडलंय ते सांगते.

मागच्या बुधवारी दवाखान्यात मला पडद्याआड तपासायला झोपवलं होतं. पलीकडं दिशा नावाची मुलगी संतोषशी बोलत होती. ती तिथं संशोधनाचं काम बघते. ती म्हणाली, ऑपरेशनचा उपयोग नाही, आजार खाली छाती-पोटामधल्या पडद्यापर्यंत पसरलाय. पाणी परत भरू नये म्हणून आत पावडर सोडून जागा चिकटवता येते, त्याने दम सुधारेल, आजार तिथंच राहील. नेहमीचं औषध म्हणजे दर तीन आठवड्यांनी दोन केमोच्या बाटल्या. आणि तिसरं, ते संशोधन. त्यात तीच केमो देतात आणि काही जणांना सोबत एक नवीन औषध, शरीराची स्वतःची ताकद जागी करणारं. कुणाला नवीन मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरांच्या हातात नाही. औषध, तपासण्या त्यांच्याकडून. बरं होईल असं कुणी म्हणत नाही. काही महिने वाढतील का, ते त्यांना बघायचंय.

संतोष लगेच म्हणाला, "घ्या ना मग आईला."

दिशा म्हणाली, "घेऊ. पण सही पेशंटची स्वतःची लागते. सहीच्या आधी आजाराचं नाव, धोके, सगळं त्यांना आम्ही समजावून सांगणार. कॅमेरा चालू असतो."

"मी मुलगा हाय ना. मी करतो सही."

"नाही चालत, दादा."

मग भिमाजींचा आवाज आला. "राहू द्या मॅडम. तिला कळलं तर ती तिथंच संपल. साधं औषध सुरू करा."

मी पडद्याआड उताणी, छातीवर सोनोग्राफीची ती गार जेली फासलेली. ओरडून सांगायला हवं होतं की मला सगळं माहीत आहे. तोंड उघडलंही. मिटलं.

का मिटलं ते तुला कळेल, दुसऱ्या कुणाला नाही. पुस्तिकेत नवव्या पानावर त्यांचे प्रश्न आहेत. "आपला किंवा घरातील कोणाचा ॲसबेस्टॉसच्या धुळीशी संबंध आला होता का? घरातील कामगाराचे कपडे कोण धुत असे?" सही करायची म्हणजे ह्याचं उत्तर द्यायचं. भिमाजींच्या समोर.

आठवतं ना कुसा, कामगारांच्या लायनीतला नळ. आधी कपडे झटकायचे, मग भिजवायचे. तसंच शिकवलं होतं आपल्याला जुन्या बायकांनी, न झटकता भिजवले तर पाण्याचं पिठलं व्हायचं. आपण दोघी समोरासमोर पँटी झटकायचो आणि एकमेकींच्या पांढऱ्या पापण्या बघून हसायचो. पंचवीस वर्षं मी त्यांचे कपडे झटकले.

भिमाजींना धुळीचं अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, पेशंट कुठं कामाला होत्या का, तर हे म्हणाले, नाही, घरीच असते. खरंच होतं ते. त्या माणसाला कळलं की त्याच्या अंगावरून हे माझ्या छातीत गेलं, तर माझ्याआधी तोच जाईल. म्हणून ते माझ्यापासून आजार लपवतात आणि मी त्यांच्यापासून कारण लपवते. दोघं एका खाटेवर झोपतो.

साधी केमो सुरू करायची तारीख नऊ सप्टेंबर. पहिली बाटली चढली की संशोधनात घेत नाहीत. तोवर मला ठरवायचंय.

आणि तुला धाप लागते का? खोकला? तूही त्याच नळावर होतीस.

सिंधू


बुधवार, २८ ऑगस्ट

कुसा,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमनने नेमकं हर्षालीच्या हातात दिलं. "आई, घोटीचं कोण हो?" म्हणाली. मी म्हटलं, जुनी मैत्रीण, तिला भाजणीचं प्रमाण पाहिजे होतं. तुझ्या पत्राला भाजणी म्हटलं, माफ कर.

मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. तू लिहिलंस:

"आमच्या ह्यांना मी सांगितलं नव्हतं. दीर म्हणाले सांगू नको, डॉक्टर म्हणाले सांगू नका. शेवटच्या आठवड्यात ते मला म्हणाले, कुसा, मला बाहेर बसवून तुम्ही आत काय बोलता ते सांग, मला असं एकट्याला ठेवू नको. मी म्हणाले, काही नाही हो, पाणी झालंय. ते भिंतीकडं तोंड करून झोपले. परत माझ्याकडं वळले नाहीत. ते गेल्याचं दुःख आहेच. पण त्या उत्तराचं मला जास्त वाटतं. ते गेल्यावर मी कंपनीवर केस केली तेव्हा तुझ्या नवऱ्याने साक्ष दिली नाही ते मी विसरलेले नाही. मला पैसे नको होते, कागदावर खरं लिहून पाहिजे होतं. धाप लागते. वयाने लागत असेल. कुसा."

मी हे वाचलं तेव्हा भिमाजी समोर बसून माझ्यासाठी डाळिंब सोलत होते. एक-एक दाणा वेगळा करून वाटीत टाकत होते. एवढं आयुष्य गेलं, ह्या माणसाने कधी स्वतःचा चहा केला नव्हता. मला रडू आलं तर म्हणाले, "दुखतंय का?" मी हो म्हटलं.

वयाने धाप लागत नाही, कुसा. निदान आपल्याला नाही. फोटो काढ.

सिंधू


गुरुवार, ५ सप्टेंबर

कुसा,

सांगितलं.

घरी सांगायचं जमेना. तीन दिवस प्रयत्न केला. सकाळी ठरवायचे, तर हर्षाली गणपतीच्या मखराचं घेऊन बसलेली. दुपारी ठरवायचे, तर भिमाजींना डुलकी लागलेली. सत्य सांगायलाही माणसाला जागा लागते गं, आणि आमच्या घरात ती नाही. मग काल दवाखान्यात गेलो. संतोष नेहमीसारखा म्हणाला, "आई, तू बाकड्यावर बस, आम्ही आलोच." मी बसले नाही. त्यांच्या पाठोपाठ आत शिरले.

डॉक्टर, दिशा, हे दोघं, सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "मेसोथेलिओमा." घरी आरशापुढं चार वेळा घोकला होता तो शब्द, म्हणून नीट आला. "मला झालंय ना? मग खुर्ची मला द्या."

संतोषच्या हातातली फाईल पडली. कागद सगळीकडं. तो खाली बसून गोळा करत राहिला, वरच बघेना.

डॉक्टर मात्र मोकळे झाल्यासारखे वाटले. त्यांनी दीड तास दिला. दिशाने कॅमेरा लावला आणि एक-एक पान वाचलं. उलट्या होतील, थकवा येईल, नवीन औषधाने आतडी, फुप्फुसं सुजू शकतात, कधी जिवावरही बेतू शकतं. नवीन औषध मिळेलच असं नाही. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही कधीही, कुठलंही कारण न देता नाही म्हणू शकता. तुमच्या उपचारात फरक पडणार नाही." मी तिला ते वाक्य परत वाचायला लावलं. लग्नापासून आजपर्यंत मला असं कुणी म्हटलेलं नाही.

मग नववं पान आलं.

मी म्हटलं, ह्यांना बाहेर पाठवा. दिशा म्हणाली, तुमची इच्छा असेल तर पाठवते. मी भिमाजींकडं बघितलं. ते उठायला लागले, निमूट, टोपी हातात घेऊन. मला बाहेर बसवायचे तेव्हा मी अशीच उठत असणार. मला ते बघवेना. म्हटलं, बसा.

आणि सांगितलं. पत्र्याची कंपनी, पोती फोडायचा विभाग, पंचवीस वर्षं, कपडे मी धुतले, आधी झटकून. दिशा लिहीत होती. भिमाजी म्हणाले, "म्हणजे मी आणलं घरी?"

"तुम्ही पगार आणला," मी म्हटलं. "कंपनीने सांगितलं होतं का तुम्हाला, काय हाय ते?"

ते गुडघ्यांवर हात ठेवून तळव्यांकडं बघत बसले. मला वाटलं, झालं, ज्याची भीती होती ते झालं. आता ह्या माणसाला मी घरी कशी नेऊ?

तेवढ्यात संतोष बोलला. तो अजून जमिनीवरच होता, कागद हातात घेऊन. हळूच म्हणाला, "मी पण सहा वर्षं होतो तिथं."

कुसा, माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. खरं सांगू? आलं होतं. अठरा पानं वाचली त्याच दुपारी आलं होतं. मी ते तुझ्यापासूनही लपवलं, लिहिताना पेन तिथून पळवलं. भिमाजींना वाटेल, भिमाजी खचतील, असं तुला लिहीत राहिले, म्हणजे पोराकडं बघावं लागणार नाही.

सही केली. सिंधुबाई भिमाजी, पूर्ण.

सिंधू


रविवार, २२ सप्टेंबर

कुसा,

तपासण्या झाल्या. रक्त, स्कॅन, हृदयाची पट्टी, एका मजल्यावरून दुसऱ्यावर. मला घेतलं. त्यांनी तारीखही पुढं ढकलली. शुक्रवारी कॉम्प्युटरने निकाल दिला. नवीन औषध मला नाही. जुनी केमोच, उद्या पहिली बाटली.

दिशाने फोनवर सांगितलं तेव्हा तीच रडवेली झाली होती. मीच तिला म्हटलं, अगं, कुणाला तरी जुनं मिळाल्याशिवाय नवीन चांगलं का वाईट ते कळणार कसं? मोठ्या शहाण्यासारखं बोलले. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन पोटभर रडले. मला आशा लागली होती गं. मला जगायचंय. हे आजपर्यंत कुणालाच म्हटलं नव्हतं, कारण मला काही माहीतच नाही असं चाललं होतं ना.

संतोषचा फोटो आणि स्कॅन काढला. आज काही नाही. डॉक्टर म्हणाले, तीस-चाळीस वर्षांनीही निघू शकतं, दरवर्षी दाखवत जा. तो चौतीसचा आहे. दरवर्षी ह्या दिवसांत माझं पोरगं दवाखान्यात रांगेत उभं राहणार, मी असेन नसेन. हर्षालीने त्याला काही विचारलं नाही, माझ्याशी मात्र तीन दिवस ताट वाढताना बोलली नाही. तिचं बरोबर आहे.

भिमाजींच्या फोटोत डाग आहेत, धुळीचे. कॅन्सर नाही. ते ऐकून ते खूश झाले नाहीत. म्हणाले, "मला व्हायला पाहिजे होता."

सोबत त्यांच्या हातचा कागद आहे. पंधरा दिवस खपून लिहिलाय, चार वेळा फाडून. हिरामणभाऊ कुठल्या विभागात होते, पोती कशी हाताने फोडायचे, तोंडाला बांधायला काय द्यायचे, म्हणजे काहीच कसं द्यायचे नाहीत, तपासणीचे साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी मशिनी कशा धुवायच्या, सगळं. खाली सही. आता त्याचा उपयोग होईल का, तुझा वकील सांगेल. कंपनी बंद होऊनही आठ वर्षं झाली.

पण त्यात शेवटून दुसरी ओळ खोटी आहे. "भीतीपोटी मी स्वतः साक्षीला गेलो नाही." ती खोडा म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणून हे पत्र.

चौदा वर्षांपूर्वी त्या सकाळी भिमाजी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. निघालेच होते. मी उंबऱ्यात बसले. संतोषचं आयटीआय झालेलं, कंपनीत त्याला घेणार असं साहेबाने तोंडी कबूल केलेलं. म्हटलं, आज साक्ष दिलीत तर पोराची नोकरी गेली. संतोषच्या गळ्याची शपथ घातली त्यांना. शर्ट काढला त्यांनी. संध्याकाळी तू आलीस. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, हे घरी नाहीत. ते आत खोकत होते. तू ऐकलंस, माझ्याकडं बघितलंस आणि मागं फिरलीस. एवढी वर्षं तू त्यांना दोष दिलास आणि मी देऊ दिला.

पुढच्याच महिन्यात संतोष कंपनीत लागला. पोती फोडायच्या विभागात. पहिल्या दिवशी मी पेढे वाटले होते.

हे पत्र बंद पाकिटात घालून त्यांच्याच हाती देतेय, मंगळवारी सकाळच्या एसटीने भिमाजी आणि संतोष घोटीला येतायत. त्यांना वाटतंय कागद द्यायला. मी पाठवतेय ते तुला आणायला. दिशाशी बोलून ठेवलंय, त्या दिवशी तुझा छातीचा फोटो काढतील, काही निघालं तर पुढचं सगळं तुलाच सांगतील, दुसऱ्या कुणाला नाही. मी केमो घेऊन घरी पडलेली असेन, तेव्हा माझं तोंड बघायची भीती नको.

माझ्यावरचा राग तसाच राहू दे. गाडीत मात्र बस.

सिंधू